निमंत्रित

आमच्याकडे जत्रेच्या पंधरा दिवस आधी चौकात फ्लेक्स लागतात. ग्रामदैवताचा फोटो, त्याहून मोठा नेत्याचा फोटो, खाली पन्नासेक शुभेच्छुक, आणि एवढ्या चेहऱ्यांतून जागा उरलीच तर मजकूर : 'निमंत्रित संघांच्या भव्य कबड्डी स्पर्धा'. 'खुल्या' आणि 'निमंत्रित' यांतला फरक बीड जिल्ह्यातलं कुठलंही पोरगं सांगेल. खुल्या स्पर्धेत प्रवेश फी भरून कोणीही उतरतं. निमंत्रितमध्ये कोणाला बोलवायचं ते आयोजक ठरवतात. मग बोलावलेल्यांचं गाडीभाडं, मुक्काम, जेवण त्यांच्याकडे. दोन-तीन नावाजलेले संघ बोलावतात, एक गावचा असतो, आणि एखादा असाही बोलावतात ज्याला गावच्या संघानं पहिल्या दिवशी आरामात हरवावं. त्या संघालाही हे ठाऊक असतं. तरी तो येतो. टेम्पोत गाणी लावून येतो.

२०२१च्या नोव्हेंबरमध्ये भारताचा महिला फुटबॉल संघ असाच ब्राझीलला गेला. ॲमेझॉनच्या जंगलातल्या मनौस शहरात चार देशांची निमंत्रित स्पर्धा होती : ब्राझील, चिली, व्हेनेझुएला आणि भारत. ब्राझील तेव्हा जागतिक क्रमवारीत सातवा, आपण सत्तावन्नावे. कोणाला कशासाठी बोलावलं होतं हे समजायला फुटबॉल यायची गरज नव्हती.

मी तेव्हा केजला, आईवडिलांच्या घरी होते. कंपनी हिंजवडीत, मी गच्चीवरच्या खोलीत, कारण तिथेच रेंज यायची. खाली माझी मामेबहीण राहायची, नववीतली. मामा-मामींचं गाव धारूरच्या डोंगरात. दिवाळी झाली की दोघं मुकादमाच्या ट्रॅक्टरमध्ये संसार टाकून कोल्हापूर नाहीतर कर्नाटकाकडे ऊस तोडायला जातात, ते पाडव्याच्या आसपास परततात. पूर्वी ते पोरीला सोबत न्यायचे. मग माझ्या आईनं भांडून तिला आमच्याकडे ठेवून घेतलं. ज्यांना हे भूगोलासारखं सांगावं लागतं त्यांच्यासाठी : ऊसतोडीत मजूर एकटा मोजत नाहीत, नवरा-बायकोची जोडी मोजतात, आणि तिला म्हणतात 'एक कोयता'. उचल मिळते ती कोयत्याला. एकट्या माणसाचा होतो अर्धा कोयता. मी बायनरी शिकले त्याच्या कितीतरी आधी मला हे गणित येत होतं.

तर या पोरीला फुटबॉलचं वेड होतं. आमच्या भागात हे वेड लागायला कारण लागतं, कारण इथे कबड्डी आहे, खो-खो आहे, कुस्ती आहे, आणि क्रिकेट तर हवेसारखं आहे. फुटबॉल सरकारनं पाठवला. २०१७मध्ये भारतात मुलांचा सतरा वर्षांखालचा विश्वचषक झाला, त्याच्या तोंडावर १५ सप्टेंबरला महाराष्ट्र सरकारनं 'मिशन वन मिलियन' नावाचा कार्यक्रम केला : एकाच दिवशी राज्यातल्या दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळायचा. शाळाशाळांत चेंडू वाटले. तिच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतही आले. ती तेव्हा पाचवीत होती. दहा लाखांतली बहुतेक पोरं फोटोपुरती खेळली असतील. पुढच्या आठवड्यात शाळेतला एक चेंडू बाभळीच्या काट्यानं गेला, दुसरा ऑफिसच्या कपाटात बंद झाला. तिसरा तिच्याकडे राहिला. कसा राहिला ते मी कधी विचारलं नाही.

मनौसचा सामना २५ नोव्हेंबरचा, पण आपल्याकडे तेव्हा २६ तारखेची सकाळ उजाडत होती. ही माझा फोन घेऊन गच्चीच्या कठड्यावर. मी ब्रश करत असताना तिनं पहिली बातमी दिली, "ताई, पहिल्याच मिनिटाला गोल खाल्ला." मी म्हटलं, मग आवर आता, शाळा आहे. शाळा कसली, एसटीचा संप चालू होता. ती रोज चार किलोमीटर चालत जायची. पाचेक मिनिटांनी ती असं ओरडली की शेजारच्या काकू गॅलरीत आल्या.

आठव्या मिनिटाला मनीषा कल्याणनं गोल केला होता. पंजाबातल्या होशियारपूर जिल्ह्यातली मनीषा, दोन दिवसांनी तिला वीस पूर्ण होणार होती. प्रतिहल्ल्यात चेंडू घेऊन सुटली आणि ब्राझीलच्या गोलकीपरला चकवून मोकळी झाली. एक-एक. पुढे ब्राझीलनं पाच घातले आणि सामना सहा-एकनं संपला. नंतर चिलीकडून तीन-शून्य, व्हेनेझुएलाकडून दोन-एक. तीन सामने, तीन हार. मायदेशी परतताना स्पर्धेच्या तक्त्यात आपण चौथे.

माझ्या बहिणीच्या हिशेबात मात्र ती स्पर्धा कधी सहा-एक अशी नव्हती. एक-सहा अशी होती. आधी आपला आकडा.

गंमत म्हणजे फिफाही काहीसा तिच्याच बाजूनं आहे. मी नोकरीत आकडेमोड करणाऱ्या कोडवर जगते, म्हणून महिला क्रमवारीचं सूत्र एकदा बसून वाचलं. त्यात निव्वळ जिंकलं-हरलं एवढंच धरत नाहीत. किती फरकानं हरलात ते पाहतात, आणि तेवढ्याच फरकानं हरलात पण एखादा गोल मारलात, तर पदरात किंचित जास्त पडतं. किंचित म्हणजे अगदीच किंचित. पण मैदानात उतरलात तरच ते पडतं. २००९ साली भारतीय महिला संघाचं नाव क्रमवारीतूनच निघून गेलं होतं, कारण बराच काळ ते एकही आंतरराष्ट्रीय सामना खेळले नव्हते. हरल्या म्हणून नाही, कोणी खेळायलाच नेलं नाही म्हणून. त्या यादीत शेवटचा नंबर असणं आणि यादीतच नसणं, यांत मला पहिली गोष्ट शंभर पटींनी बरी वाटते.

बायकांच्या फुटबॉलचा सगळा इतिहासच कोणी बोलावलं आणि कोणी दार लावलं याचा आहे. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेनं १९२१मध्ये बायकांना आपल्या मैदानांवर बंदी घातली, ती सुमारे पन्नास वर्षं टिकली. ब्राझीलमध्ये तर १९४१ ते १९७९ कायद्यानंच मनाई होती. मनौसच्या त्या सामन्यात शेवटी फोर्मिगा मैदानात उतरली, तो तिचा देशासाठीचा निरोपाचा सामना होता. त्रेचाळीस वर्षांची, सात विश्वचषक आणि सात ऑलिंपिक खेळलेली. ती जन्मली १९७८ साली, म्हणजे ती पाळण्यात होती तेव्हा तिच्या देशात मुलींनी फुटबॉल खेळणं बेकायदा होतं. हे मी बहिणीला सांगितलं तर ती म्हणाली, "मंग पोलीस धरायचे का?"

१९७१मध्ये मेक्सिकोत सहा देशांच्या बायकांची स्पर्धा झाली. अझ्टेका स्टेडियममधल्या अंतिम सामन्याला लाखभर लोक होते, डेन्मार्कनं यजमानांना तीन-शून्यनं हरवलं, आणि तिन्ही गोल मारणारी पोरगी पंधरा वर्षांची होती. फिफानं ही स्पर्धा मानलीच नाही. पुढे १९८६च्या फिफा अधिवेशनात नॉर्वेच्या एलेन विला उभ्या राहिल्या आणि बायकांचा विश्वचषक कधी, असं त्यांनी विचारलं. त्यातून १९८८च्या जूनमध्ये चीनच्या ग्वांगदोंग प्रांतात फिफानं पहिली स्वतःची स्पर्धा घेतली, तिच्या नावातच 'निमंत्रित' होतं. बारा देश बोलावले. एक प्रकारे ती चाचणी होती : बायकांचा विश्वचषक चालतो का, लोक येतात का. (आम्ही याला पायलट प्रोजेक्ट म्हणतो. पुरुषांच्या फुटबॉलचा पायलट कोणी घेतला होता का, देव जाणे.) नॉर्वेनं स्वीडनला एक-शून्यनं हरवलं, चाचणी पास झाली, आणि १९९१मध्ये चीनमध्येच पहिला अधिकृत विश्वचषक झाला. तोही ऐंशी मिनिटांच्या सामन्यांचा; नव्वद मिनिटं बायकांना झेपतील याची अजून खात्री पटायची होती.

त्या बारा देशांत आशियातून चीन, जपान आणि थायलंड होते. भारत नव्हता. आणि इथे मला जरा थांबावंसं वाटतं, कारण भारत तेव्हा या खेळात अनोळखी नव्हता. महिलांची फुटबॉल संघटना आपल्याकडे १९७५मध्येच उभी राहिली होती. १९८०च्या जानेवारीत आशियाई स्पर्धा आपल्या कालिकतला झाली, यजमान म्हणून आपण एक नाही, दोन संघ उतरवले, आणि त्यातला एक अंतिम फेरीत पोहोचला. १९८३मध्ये पुन्हा उपविजेते. त्याच वर्षी शांती मल्लिक यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, फुटबॉलसाठी तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. एवढं सगळं केलेल्या बायका १९८८मध्ये तिशीच्या आसपास असतील. पत्रिका दुसऱ्यांच्या घरी गेली. आज आपण मुलींना सांगतो की आपल्याकडे महिला फुटबॉल 'नवीन' आहे.

आता बालेवाडीकडे येते. मनौसची सगळी तयारी ज्यासाठी होती तो आशिया चषक २०२२च्या जानेवारीत महाराष्ट्रात होता : नवी मुंबई, अंधेरी आणि पुण्याचं बालेवाडी. बालेवाडीच्या स्टेडियमपासून माझी पुण्यातली जुनी खोली पंधरा मिनिटांवर. दोन वर्षं मी त्याच्या भिंतीला वळसा घालून ऑफिसला गेले होते. आणि नेमकी स्पर्धा आली तेव्हा मी केजला, आणि प्रेक्षकांना तर प्रवेशच नव्हता, सगळं बबलमध्ये. बहिणीनं तरी हट्ट धरला की आपण पुण्याला जाऊ, बाहेरून आवाज तरी येईल. संपामुळे तेही जमलं नाही.

२० जानेवारीला भारत-इराण शून्य-शून्य. २३ तारखेला तैवानशी सामना होता. तो झालाच नाही. संघात कोरोना शिरला आणि मैदानात उतरायला लागणाऱ्या तेरा जणीसुद्धा जमेनात. नियमानुसार भारताची माघार धरली गेली, इराणशी झालेला सामनाही रद्द. जणू खेळल्याच नाहीत. यजमानच मांडवाबाहेर. आठवड्यानं बालेवाडीला फिलिपिन्सनं तैवानला पेनल्टींवर हरवून आपला पहिला विश्वचषक गाठला, आणि पुढच्या वर्षी तिथे न्यूझीलंडला हरवलंही. 'त्या जागी आपण असतो' हे वाक्य त्या वर्षी मी आमच्या गच्चीवर इतक्यांदा ऐकलं की शेवटी आईनं ते बोलायला बंदी घातली.

पुढचं वर्ष बहिणीचं दहावीचं. त्या पावसाळ्यात शाळेनं मुलींचा संघ उतरवला. तिनंच सरांच्या मागे लागून अकरा जणी जमवल्या. त्यातल्या तिघी कबड्डीच्या होत्या आणि चेंडूऐवजी पोरींनाच धरायच्या. तालुक्यात दुसरा संघच नव्हता, त्यामुळे आम्ही न खेळताच तालुका विजेते. जिल्ह्याला एक सामना झाला, तो जिंकल्या. मग विभागीय स्पर्धा, शहरात, हिरव्या गवतावर. समोरच्या मुलींना बूट, शिनगार्ड, दोन कोच. आमच्या पोरींपैकी पाच जणींचे बूट आदल्या आठवड्यात घेतलेले, त्यांचे पाय सोललेले. शून्य-नऊ.

मी तिला आणायला गेले होते. ती रडत असेल म्हणून कोल्ड्रिंक घेऊन गेले. ती गवतावर बसून समोरच्या संघाची पुढची मॅच पाहत होती. "त्यांची ती सात नंबर," ती म्हणाली, "बॉल याच्या आधी मागं बघून घेती. म्हून तिला कळतं कुठं द्यायचा." केजच्या मैदानावर पाच वर्षं खेळून तिला हे दिसलं नव्हतं, कारण तिथे असं खेळणारी कोणी नव्हतीच. एका दुपारच्या हारीत दिसलं. थोड्याच दिवसांत, ११ ऑक्टोबरला, भुवनेश्वरला सतरा वर्षांखालच्या मुलींच्या विश्वचषकात भारत अमेरिकेकडून आठ-शून्यनं हरला. हिनं फोनवर स्कोअर पाहिला आणि गंभीरपणे म्हणाली, "आपल्यापेक्षा एकच कमी."

विभागीय स्पर्धेत भाग घेतल्याचं एक प्रमाणपत्र मिळालं. मामानं ते लॅमिनेट करून घेतलं.

हे प्रमाणपत्र २०२३च्या उन्हाळ्यात कामाला आलं. दहावीची परीक्षा झालेली, मामा-मामी परतलेले, आणि एक स्थळ आलं. मुलगा टोळीतलाच, बावीस-तेवीसचा, निर्व्यसनी, स्वतःची मोटारसायकल. मुकादमानंच सुचवलेलं. लग्न झालं असतं तर दिवाळीला दोघांचा एक कोयता झाला असता. मामावर आधीच्या हंगामाची उचल फिटायची राहिली होती. इथे कोणाला खलनायक शोधायचा असेल तर सापडणार नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची २०१९-२१ची फेरी सांगते की आमच्या जिल्ह्यात वीस ते चोवीस वयाच्या चाळीस टक्क्यांहून जास्त बायकांची लग्नं अठराच्या आत झालेली आहेत. मुंबईच्या माझ्या मैत्रिणीला हा आकडा भयानक वाटतो. आमच्याकडे तो आकडा नाही, तो वर्गातला अर्धा बाक आहे.

घरात तीन दिवस बोलणं चाललं. मामी म्हणाली, "पोरगी बॉलमागं पळायली तर पळू द्या, पर किती दिस? आमी माघारी गेल्यावर हिच्याकडं कोन बघायचं?" आई म्हणाली, मी बघतेच आहे ना. मामा बराच वेळ गप्प होता. मग उठून त्यानं लोखंडी पेटीतून ते लॅमिनेट काढलं आणि माझ्यापुढे धरलं. "बाई, तू शिकलेली. खेळाडूला भरतीत पाच टक्के जागा असत्यात म्हनं. खरंय का?"

खरं होतं. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. मी त्याचा शासन निर्णय आधीच डाउनलोड करून वाचला होता, सवयीनं, अटींसकट. विभागीय स्पर्धेत पहिल्याच सामन्यात हरलेल्या संघाचं प्रमाणपत्र त्यात कुठेच बसत नव्हतं. मी म्हटलं, "खरंय मामा. पाच टक्के असतात." एवढंच म्हटलं. त्यानं जे विचारलं त्याचं उत्तर दिलं. पुढे काही बोलले नाही, आणि आजही तो प्रश्न तसाच पुढे आला तर तेवढंच बोलेन.

मामानं स्थळाला नकार कळवला. 'पोरगी खेळाडू हाय, तिला साहेब व्हायचंय.' मुकादम हसला असणार. तो हंगाम मामा-मामींनी जास्त दिवस काढला, एप्रिल उलटल्यावर आले.

फुटबॉल मात्र पुढे गेला नाही. अकरावीला ती केजच्याच कॉलेजात, तिथे मुलींचा संघ नव्हता. मुलांबरोबर ती काही दिवस खेळली, मग लोक बोलायला लागले, मग तिनं बंद केलं. पुण्यात एखादी अकादमी पाहू का, असं मी विचारलं होतं; अकादमीची फी मी भरली असती. पण तिला कळत होतं की सोळाव्या वर्षी तिथे जाणारी मुलगी सहाव्या वर्षापासून खेळणाऱ्यांत बसते. "नऊ-शून्य रोज खाऊ का?" ती म्हणाली. मला वाटतं तिला रोज खायला आवडलंही असतं, फक्त कोणी आधी बोलवायला हवं होतं.

पाहणं तिनं सोडलं नाही. २०२४च्या फेब्रुवारीत तुर्कस्तानात अलान्याला आणखी एक निमंत्रित स्पर्धा होती : भारत, एस्टोनिया, हाँगकाँग, कोसोव्हो. मी तेव्हा पुण्यात परतले होते, ऑफिसच्या मीटिंगमध्ये असताना तिचे मेसेज यायचे. एस्टोनियाला चार-तीननं हरवलं, युरोपातल्या देशावर भारतीय महिला संघाचा तो पहिला विजय. मनीषाचे दोन गोल. मग हाँगकाँगला दोन-शून्य. शेवटच्या सामन्यात कोसोव्होनं भरपाईच्या वेळेत गोल मारला आणि आपण उपविजेते. मनौसला तीन हार घेऊन आलेल्यांपैकी कितीतरी जणी याही संघात होत्या. कोण कशासाठी बोलावतं ते बोलावणाऱ्यांपाशी. जाणारे काय घेऊन येतात ते त्यांचं. त्या रात्री तिचा मेसेज होता : 'दोन नंबर. बोलावलं तरी त्यांनी चूकच केली.'

आता ती अठराची आहे, बीडला एका अकादमीत पोलीस भरतीची तयारी करते. अकादमी म्हणजे एक शेड, एक निवृत्त फौजी आणि पहाटे पाचची शिट्टी. मुलींना आठशे मीटर, शंभर मीटर आणि गोळाफेक. आठशेमध्ये ती तिथल्या मुलींत पहिली येते. गोळाफेकीला रडते. रविवारी धावणं झालं की सात-सात जणींचे दोन संघ करतात आणि अर्धा तास फुटबॉल खेळतात, चपलांचे गोलपोस्ट लावून. फौजी सर आधी ओरडले, मग म्हणाले स्टॅमिना वाढतो, खेळा. धारूर, वडवणी, शिरूर कासार, सगळीकडच्या पोरी. जवळपास प्रत्येकीच्या घरात कोयता आहे.

२०२५च्या जुलैमध्ये चियांग माईला भारतानं यजमान थायलंडला दोन-एकनं हरवलं. संगीता बासफोरचे दोन्ही गोल. आशिया चषकाला आपण पहिल्यांदाच पात्रता फेरी खेळून गेलो. या वेळी पत्रिकेची वाट पाहावी लागली नाही. तिनं रात्रीच फोन केला, ग्रुप कॉल, मामालाही त्यात घेतलं. मामा तेव्हा गावी होता, पेरण्या उरकून. तिनं त्याला दोन्ही गोल तोंडी सांगितले, हाताचे हावभाव करून, जे फोनवर दिसत नव्हते.

मामानं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "थायलंडात ऊस असतो का?"

असतो, मी म्हटलं. खूप असतो, साखर परदेशी पाठवतात ते.

"मग तोडाय कोन जातं?"